घरगुती मत्स्यालयाची घडवंची व तळटांकी

कांचेच्या टांकींत संथपणें पोहणारे मासे पाहतांना आपली दृष्टि सहसा टांकीच्या खालीं जात नाहीं. हिरव्या पाणवनस्पति, स्वच्छ वाळू, माशांचे सोनेरी खवले, एवढेंच आपण पाहतों व समाधान पावतों. परंतु ती टांकी ज्या लांकडी घडवंचीवर उभी असते ती घडवंची, आणि त्या घडवंचीच्या पोटांत ठेवलेली दुसरी लहान टांकी, यांच्याकडे कोणाचें लक्ष नसतें. वास्तविक वरच्या माशांचें जीवित या दोन दुर्लक्षित वस्तूंवर अवलंबून असतें. मीं स्वतः घरीं असें एक मत्स्यालय तयार केलें, त्यांत एक ठळक चूक केली, आणि तिचें फळ एका मुक्या जिवास भोगावें लागलें. ती हकीकत व तिच्यामागचा हिशेब तुमच्यापुढें मांडावा, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

पूर्वपीठिका

मासे पाळण्याची हौस फार जुनी आहे; पण कांचेच्या भांड्यांत, वरचेवर पाणी न बदलतां, मासे जिवंत ठेवण्याची विद्या अवघी पावणेदोनशे वर्षांची आहे. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८५० सालीं असें दाखविलें कीं, मासे, पाणवनस्पति व गोगलगायी यांचा मेळ नीट बसला तर भांड्यांतील पाणी दीर्घकाळ शुद्ध राहतें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांस पाहण्यासाठीं मत्स्यालय उघडण्यांत आलें, आणि पुढील वर्षीं फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथामुळें ‘अक्वेरियम’ हा शब्द इंग्रजींत रूढ झाला. आपल्या मुंबईंतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें मात्र १८७१ हें साल विशेष महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं लंडनजवळ क्रिस्टल पॅलेस येथें मोठें मत्स्यालय उघडलें. त्याची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम आल्फर्ड लॉइड यानें प्रेक्षकांना दिसणाऱ्या टांक्यांच्या खालीं एक विशाल अंधारा हौद बांधविला होता, व पंपाच्या साहाय्यानें वरचें आणि खालचें पाणी अखंड फिरतें ठेविलें होतें. दिसणाऱ्या पाण्यापेक्षां न दिसणारें पाणी अधिक, ही त्याची युक्ति होती. आज हौशी लोक घडवंचीखालीं जी लहान टांकी ठेवितात ती त्याच कल्पनेची छोटी आवृत्ति होय. तिला इंग्रजींत ‘संप’ म्हणतात. कामगारांच्या संपाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. तरी घोटाळा नको म्हणून आपण तिला ‘तळटांकी’ म्हणूं.

वजनाचा हिशेब

आमची टांकी ९० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद व ४५ सें.मी. उंच आहे. तींत पाणी ४२ सें.मी. उंचीपर्यंत ठेवावयाचें ठरलें. कांचेची जाडी सोडून दिली तर ९० × ४५ × ४२ म्हणजे १,७०,१०० घनसेंटिमीटर, अर्थात् १७० लिटर पाणी झालें. एक लिटर पाणी एक किलो भरतें हें तुम्ही शिकलांच आहां. म्हणजे नुसतें पाणीच १७० किलो ! दहा मिलिमीटर जाडीच्या कांचेचें वजन सुमारें ४० किलो. तळाशीं पांच सेंटिमीटर वाळू घातली, तर तिनें बाजूस सारलेलें पाणी वजा करूनही आणखी वीस किलो वाढतात. वरचा भार २३० किलो झाला. पाण्यासह तळटांकी पन्नास किलो व घडवंचीचें लांकूड वीसपंचवीस किलो धरलें, तर जमिनीवर एकूण तीनशें किलोंचा भार पडतो. साठ किलो वजनाचीं पांच माणसें एकाच जागीं रात्रंदिवस उभीं आहेत अशी कल्पना करा. यासाठीं माडीवर मोठी टांकी ठेवूं इच्छिणाऱ्या पालकांस माझी सूचना आहे कीं, ती भक्कम भिंतीला लागून ठेवावी. आणि घर जुनें, लांकडी तक्तपोशीचें असेल तर जाणत्या माणसाचा सल्ला घेतल्याशिवाय ठेवूंच नये.

पाणी केवळ खालीं दाबतें असें नाहीं. तें बाजूंनाही दाबतें. पृष्ठभागाशीं दाब शून्य असतो व तळाशीं दर चौरस सेंटिमीटरवर ४२ ग्रॅम असतो. म्हणून सरासरी २१ ग्रॅम धरावा. पुढच्या कांचेचा भिजणारा भाग ९० × ४२ म्हणजे ३,७८० चौरस सेंटिमीटर आहे. दोहोंचा गुणाकार केला असतां सुमारें ७९ किलो येतो. एवढ्या जोरानें पाणी ती एक कांच बाहेर ढकलीत असतें. येथें एक चमत्कार ध्यानांत ठेवा : या हिशेबांत टांकीच्या रुंदीचा कोठेंच उल्लेख आला नाहीं. टांकी पुढून मागें दुप्पट रुंद केली तरी पुढच्या कांचेवरील दाब तेवढाच राहील. पण पाण्याची उंची दुप्पट केली तर तो चौपट होईल. म्हणून उंच टांकीपेक्षां बुटकी व रुंद टांकी सुरक्षित असते.

घडवंची

पूर्वीं आपल्या घरोघरीं पाण्याचे हंडे-घागरी ठेवण्यासाठीं घडवंची असे. तिचे पाय सरळ व जाड कां असत, याचा विचार आपण कधीं केला नाहीं. घडवंचीचा पहिला नियम असा कीं, वरचा भार लांकडावरून लांकडावर उतरत थेट जमिनीस पोंचला पाहिजे. पुष्कळ लोक पायाच्या बाजूला आडवी पट्टी टेंकवून स्क्रूनें आवळतात. दिसावयास तें ठीक दिसतें, पण मग सारा भार त्या दोन-चार स्क्रूंवर लोंबकळतो. त्याऐवजीं पट्टी पायाच्या माथ्यावरच बसवावी, अथवा पायांत खांच पाडून तींत टेंकवावी. स्क्रूचें काम लांकडें जागच्या जागीं धरून ठेवण्याचें आहे. भार वाहण्याचें नव्हे.

दुसरा नियम पट्टी उभी ठेवण्याचा. तुमची एक फुटी पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्यें बोटानें दाबा, ती वांकेल. तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. ती हलणार नाहीं. लांकूड तेंच, वजन तेंच, मग हा फरक कां? लवण्यास होणारा विरोध रुंदीच्या प्रमाणांत वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. दहा सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरची पट्टी आडवी ठेविली तर १० × ६४ म्हणजे ६४०, आणि उभी ठेविली तर ४ × १,००० म्हणजे ४,०००. सहापटींहून अधिक बळ एक पैसाही न वेंचतां मिळालें ! कांच लांकडाप्रमाणें वांकत नाहीं, ती तडकते. म्हणून वरची पट्टी न लवणें अगत्याचें आहे.

आम्हीं सात सेंटिमीटर चौरस सागवानी पाय घेतले व घडवंचीची उंची ७५ सें.मी. ठेविली. या कामीं नववींतील दोन विद्यार्थी दर शनिवारीं दुपारीं माझ्या घरीं येत. एक करवत धरी व दुसरा गुण्या लावून काटकोन पाही. चौकट खरोखर काटकोनांत आहे कीं नाहीं हें त्यांनीं कर्ण मोजून ठरविलें. पायथागोरसच्या सिद्धांतानें ९० व ४५ यांचा कर्ण १००.६ येतो; दोन्हीं कर्ण तेवढेच भरले तेव्हां मुलांस झालेला आनंद पाहण्यासारखा होता. भूमितीचा सिद्धांत सुताराच्या हातांतही असतो, हें त्यांस त्या दिवशीं कळलें.

चार पायांची चौकट कितीही जाड असली तरी ती बाजूस कलूं शकते. त्रिकोण मात्र कलूं शकत नाहीं. म्हणून मागील बाजूस व दोन्हीं कुशींना बारा मिलिमीटर जाडीचें प्लायवुड ठोकलें; तें असंख्य त्रिकोणांचें काम करितें. पुढील बाजू हात घालण्यासाठीं मोकळी ठेविली. पायांच्या तळव्यांसह सर्व लांकडास तीन हात व्हार्निश दिलें, कारण ओल खालून चढते.

मग पाणसळ लावली. आमच्या बैठकीच्या खोलींतील फरशी डावीकडे चार मिलिमीटर उतरती निघाली. तेव्हां डाव्या पायांखालीं लांकडी पाचरी सारून माथा समपातळींत आणिला. पाचर नेहमीं घडवंचीच्या पायाखालीं घालावी. टांकी व घडवंची यांच्यामध्यें कधींही घालूं नये, कारण तेथें ती एकाच बिंदूवर कांचेस टोंचते. टांकीच्या तळाखालीं थर्मोकोलचा एक सपाट ताव पसरला, म्हणजे लांकडाचे बारीक उंचसखल भाग कांचेस बाधत नाहींत.

तळटांकी

आतां पाण्याकडे वळूं. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया तयार होतो. तो माशांस विषारी आहे. परंतु निसर्गांत कांहीं सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट व दुसरे कांहीं जंतु नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्रेट पुष्कळच कमी अपायकारक असून वनस्पति तें शोषून घेतात. उरलेलें आठवड्यास थोडें पाणी बदलून काढून टाकतां येतें. हे जंतु वेगळे करून त्यांचें कार्य १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें स्पष्ट केलें. या उपकारी जंतूंना राहावयास खडबडीत पृष्ठभाग व वाहतें, प्राणवायुयुक्त पाणी लागतें. तळटांकी म्हणजे या जंतूंची वसाहत होय.

आमची तळटांकी ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३५ सें.मी. उंच आहे. तिच्यांत २२ सें.मी. उंचीच्या आडभिंती बसवून तीन कप्पे केले. वरच्या टांकीच्या मागील कांचेस माथ्याजवळ भोंक आहे. त्यांतून ओसंडणारें पाणी नळीनें पहिल्या कप्प्यांत पडतें व तेथील स्पंजांत गाळ राहतो. दुसऱ्या कप्प्यांत सच्छिद्र चिनीमातीचीं कडीं भरलीं आहेत. तेथें जंतु आपलें काम करितात. तिसऱ्या, १८ सें.मी. लांबीच्या कप्प्यांत पंप आहे. तो पाणी पुन्हां वर चढवितो. भोंक पाडावयाचें तें टांकी जोडण्यापूर्वीं कांचवाल्याकडून पाडून घ्यावें. कडक केलेल्या, म्हणजे टफन्ड कांचेस भोंक पाडूं गेल्यास तिचे तुकडे तुकडे होतात, हें लक्षांत ठेवावें.

पंपाच्या खोक्यावर तासाला इतके लिटर असें छापलेलें असतें. तो आंकडा पाणी मुळींच वर न चढवितां मिळणारा असतो. मीटरभर उंच चढवितांना प्रवाह बराच घटतो. म्हणून तक्ता पाहून पंप निवडावा. टांकींतील पाण्याच्या तिप्पट-चौपट पाणी तासाभरांत फिरलें म्हणजे घरगुती मत्स्यालयास पुरेसें होतें.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

सर्व तयारी झाली. टांकी भरली, पंप सुरू झाला, पाणी खळखळूं लागलें. सहा आठवडे आम्हीं जंतूंची वाढ होऊं दिली. त्यानंतर माझ्या दोन साहाय्यकांपैकीं एकानें आपले दोन सोनेरी मासे आणून दिले. त्याचें कुटुंब लहान जागेंत राहावयास जाणार होतें व तेथें मासे ठेवण्यास जागा नव्हती. ‘सर, तुमच्याकडे ते सुखरूप राहतील,’ असें तो म्हणाला. मासे पाण्यांत सोडून झाल्यावर त्यानें खालीं वांकून नळ्यांकडे पाहिलें व विचारलें, ‘सर, वीज गेली तर वरचें पाणी कोठें जाईल?’

मी त्या वेळीं घाईंत होतों. ‘भोंकाच्या पातळीपर्यंत उतरेल आणि थांबेल,’ असें मीं सांगितलें व विषय संपविला. प्रश्न उत्तम होता. उत्तर अर्धवट होतें.

मार्चअखेर एके रात्रीं वीज गेली. पहाटे माझी पत्नी उठली ती पाण्यांतच पाय ठेवून. सारी खोली ओली. खालच्या फडताळांतील वह्या भिजलेल्या. वरच्या टांकींत निम्म्याच्या आसपास पाणी. आणि मध्यंतरीं वीज परत आल्यामुळें तळटांकींतील पंप कोरडाच घरघरत होता. त्या उथळ, स्तब्ध व उबट पाण्यांत एक मासा तोंड वर काढून हवा घेत होता. दुसरा मेलेला होता. वीस अंश उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तीस अंशांवर तो साडेसातांवर येतो. त्यांत पाणी हलतें नसलें व कमी असलें म्हणजे माशाचा श्वास कोंडतो.

काय घडलें? पंपाची नळी वर चढून टांकींत उतरत होती व तिचें तोंड पाण्याखालीं वीस सेंटिमीटर खोल होतें. पंप बंद पडतांच तीच नळी वक्रनलिका बनली. नळींतून पाणी उलट वाहूं लागलें, तें तोंड उघडें पडेपर्यंत थांबलें नाहीं. हिशेब करा : टांकीचें क्षेत्रफळ ९० × ४५, म्हणजे ४,०५० चौरस सेंटिमीटर, त्यावर वीस सेंटिमीटर म्हणजे ८१ लिटर पाणी खालीं आलें. तळटांकीचा संपूर्ण आकारच ६३ लिटर. त्यांत आधींच सुमारें ३८ लिटर होतें. रिकामी जागा पंचवीस लिटरांची ! बाकीचें छपन्न लिटर जमिनीवर गेलें. हा गुणाकार सहावीचा विद्यार्थीही करील. तो मीं केला नव्हता.

रविवारीं तो मुलगा आला. मीं त्यास सर्व खरें सांगितलें व माझी चूक कबूल केली. तो कांहीं वेळ टांकीकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला, ‘सर, नळीचें तोंड वर घेतलें तर?’ आणि त्यानें कागद-पेन्सिल मागितली.

दोन्हीं बाजूंचा हिशेब

त्यानें मांडलेला हिशेब असा. परतीच्या नळीस पाण्याच्या पातळीखालीं तीन सेंटिमीटरवर लहान भोंक पाडावें. पाणी तेथवर उतरलें कीं भोंकांतून हवा शिरेल व उलटा प्रवाह तुटेल. तेव्हां खालीं येणारें पाणी ४,०५० × ३, म्हणजे सुमारें बारा लिटर. नळ्यांतील एक लिटर मिळून तेरा. आधींचे ३८ व हे १३ मिळून ५१ लिटर. तळटांकीच्या ६० × ३० या क्षेत्रफळानें भागलें तर पातळी सुमारें २८ सेंटिमीटर येते. टांकी ३५ उंच आहे. सहा सेंटिमीटरांहून अधिक जागा शिल्लक राहिली. भोंक शेवाळानें बुजतें, म्हणून तें दर आठवड्यास काडीनें साफ करावें.

मग मीं त्याला उलट प्रश्न घातला : ‘ओसंडण्याची नळी पानांनीं तुंबली आणि पंप चालूच राहिला, तर?’ तेव्हां पंप आपल्या कप्प्यांतील पाणी वर टाकील व वरची टांकी ओसंडेल. कप्प्यांतील पाणी १८ × ३० × २०, म्हणजे १०.८ लिटर. वरच्या टांकींत तीन सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे १२ लिटर. पाणी मावतें ! तरीही आम्हीं थोड्या उंचीवर दुसरी राखीव नळी बसविलीच. बाष्पीभवनानें घटणारें पाणी पंपाच्या कप्प्यांतच कमी दिसतें. म्हणून तेथें कांचेवर खूण करून रोज तेवढी भर घालावी, परंतु खुणेच्या वर कधींही घालूं नये, नाहीं तर हे दोन्हीं हिशेब चुकतील.

विजेविषयीं दोन शब्द. प्रत्येक वायर प्लगाच्या पातळीखालीं झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारें पाणी झोळाशींच ठिबकतें, प्लगांत शिरत नाहीं. मंडलास गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, म्हणजे आर. सी. सी. बी., असावा, आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं पंप बंद करावा. वीज वारंवार जाते अशा गांवीं बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ ठेवावा.

शेवटीं आम्हीं एक परीक्षा घेतली. मुद्दाम बटण बंद केलें व हातांत फडकीं घेऊन तळटांकीजवळ बसलों. पाणी चढलें, २८ सेंटिमीटरच्या आसपास आलें आणि थांबलें. एक थेंबही बाहेर पडला नाहीं. ही परीक्षा मासे सोडण्यापूर्वीं घ्यावयाची असते. मीं ती एका माशाच्या मरणानंतर घेतली.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र चालत असतांना काय होईल हें सर्वच पाहतात. तें थांबेल त्या घटकेस काय होईल, हें जो आधीं कागदावर पाहतो तोच खरा रचनाकार. आणि पालकहो, मुलांनीं विचारलेला ‘असें झालें तर?’ हा प्रश्न घाईंत मोडून काढूं नका. मला त्याची किंमत कळली आहे. उरलेला सोनेरी मासा आजही आमच्या घरीं आहे, व त्याचा धनी दर रविवारीं त्यास पाहून जातो.

जातां जातां एक उदाहरण देतों. टांकी ७५ सें.मी. लांब व ४० सें.मी. रुंद आहे; पंप थांबतांच पातळी ४ सें.मी. उतरते. तळटांकी ५० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद आहे. नळ्यांतील पाणी सोडून द्या. तळटांकींतील पातळी किती चढेल? उत्तर ८ सें.मी. येतें. तें कसें येतें हें वहींत मांडून पाहा, आणि मगच टांकींत पाणी ओता.